दुपारची खिडकी

भिंगरीच्या घराला खिडकी एकच होती, आणि ती उघडायला लावली मी.

पहिल्यांदा गेले तेव्हा ती नुसती बंद नव्हती, बुजवलेली होती. फटींमध्ये जुन्या चादरीच्या चिंध्या कोंबलेल्या, काचेवर आतून खळीनं कागद चिकटवलेला, आणि खालच्या चौकटीपाशी एक टॉवेल घट्ट गुंडाळून आडवा ठेवलेला. खोली दहा बाय बारा. एका कोपऱ्यात स्टोव्ह, दुसऱ्यात मोरी, तिसऱ्यात पलंग. चौथ्यात दार होतं म्हणून तो तेवढा मोकळा. पलंगावर पाच वर्षांची मुलगी बसली होती. श्वास घेताना तिच्या गळ्याखालचा खळगा आत जायचा आणि सोडताना बारीकशी शिट्टी वाजायची.

मी आरोग्य खात्याची घरभेटीची ताई. माझ्या वाट्याला तीन गल्ल्या आणि एकशे चाळीस घरं. आजार झाल्यावर दवाखाना आहे, आजार होऊच नये म्हणून तुम्ही आहात, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मला ते वाक्य फार आवडायचं. घरी गेल्यावर सासूबाईंनाही ऐकवलं होतं. माझ्या तक्त्यावर प्रत्येक घरापुढे चार रकाने होते: हात साबणानं धुतात का, पाणी उकळून पितात का, मुलांच्या लसी झाल्यात का, खिडक्या उघड्या असतात का. हो किंवा नाही, एवढंच लिहायचं.

"अहो, ही खोली आहे की बरणी?" मी म्हणाले. "पोरीला आत घालून झाकण लावलंय नुसतं."

तिची आई ओशाळून हसली. माझ्याच वयाची असेल, फार तर एखादं वर्ष पुढं. "तसं नाही ताई. सकाळी काही नसतं, पण दुपारी—"

"दुपारी तर उघडी हवीच. कोंदट हवेत खोकल्याचे जंतू वाढतात. घरात एक खोकला की सगळे खोकतात."

"हो, पण दुपारी खालून—"

"खाली कारखाना आहे, माहितीये मला. आवाज येत असेल. आवाजानं कुणी आजारी पडत नाही हो."

मी स्वतःच पुढं झाले, टॉवेल काढला, चिंध्या ओढल्या, कागद फाडला. खिटी गंजली होती, तीही ठोकून सरकवली. उजेड आला आणि त्याबरोबर सकाळची चांगली गार हवा. मुलीनं डोळे मिचकावले. खालून हातोडीची टकटक येत होती, दुसरं काही नाही. खाली स्टीलची भांडी बनायची. सकाळी माणसं पत्रे ठोकून पातेल्यांना कडा नि कान जोडत बसलेली मी येताना पाहिली होती.

"बघा, किती बरं वाटतंय," मी म्हणाले.

मुलीची आई खिडकीकडे बघत होती. मग तिची नजर माझ्या कपड्यांवर गेली. छातीशी ओल आली होती. "घरी तान्हं आहे तुमच्या?"

"हो. पाच महिन्यांचा."

"मग तुम्हाला कळणारच," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम सैलावला. "आईला आईचं कळतं. ठेवते मी उघडी."

मी चौथ्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं खोडलं आणि 'हो' लिहिलं.

*

त्यानंतर दर मंगळवारी दहाच्या सुमारास मी तिथं जायची. दुपारी कधीच नाही. एक वाजत आला की मला घराकडे ओढ लागायची. कपड्यांच्या आत घडी घातलेला रुमाल भिजायचा आणि मी उरलेली घरं उद्यावर टाकून पळायची. पळूनही उशीर व्हायचाच. सासूबाई दारातच बाळाला घेऊन उभ्या असायच्या. "जगाला शहाणपण वाटून झालं असेल तर पोराकडं बघा. दोन्ही मुठी चोखून झाल्या त्याच्या, आता माझं नाक धरलंय."

भिंगरी माझी वाट बघायची. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. ते एकदा सकाळी जिन्यात भेटले, डोक्यावर पातेल्यांची चवड घेऊन उतरत होते. "चालायला लागली ती सरळ चाललीच नाही, ताई. गोल गोल फिरायची आणि आपटायची. म्हणून भिंगरी." मग जरा थांबून म्हणाले, "आता दोन फेऱ्यांत दम लागतो."

जिन्यात ओल होती. मी म्हटलं, "जमलं तर जरा हवेशीर खोली बघा ना दुसरी."

ते हसले. हसणारा माणूस होता. "खोली कामाबरोबर आलीये ताई. काम सोडलं की खोली सुटते, खोली सोडली की काम सुटतं. नवराबायकोसारखी जोडी आहे, एकाला काढता येत नाही."

मीही हसले आणि खाली उतरले. त्या जिन्याचं मी तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं, 'ओल आहे.' मागची बाजू कुणी वाचत नाही.

कामावर खोट निघालेली भांडी ते कधीमधी घरी आणायचे. त्यातल्या एका डब्याचं झाकण भिंगरीचं होतं. आरशासारखं लखलखीत, फक्त कडेला एक पोचा. ती ते तोंडाशी धरून 'हाऽऽ' करायची. झाकणावर वाफ धरली की घाईघाईनं बोटानं चित्र काढायची. वाफ उडायच्या आत चित्र पुरं झालं पाहिजे, असा खेळ.

"ताई, तुमचं नाक काढू?"

"काढ. पण छोटं काढ हं."

"छोटं कसं? आहे तेवढंच येणार ना!"

तिची आई तोंडावर हात ठेवून हसली. मी रागावल्याचं सोंग केलं. तेवढ्यात झाकण कोरडं झालं होतं, नाक अर्धंच राहिलं होतं.

"माझा ढग लवकर जातो," भिंगरी म्हणाली. "आईचा मोठा असतो. बाबांचा तर केवढा! पण बाबांचा काळा येतो."

"काहीतरीच," तिची आई म्हणाली.

मीही तेच म्हणाले. काहीतरीच.

खिडकी दर मंगळवारी उघडी असायची. मी विचारायच्या आधीच तिची आई सांगायची, शाळेतल्या मुलीनं गृहपाठ दाखवावा तशी: "दिवसभर उघडी होती, ताई. रात्रीसुद्धा." चौकट ओल्या फडक्यानं पुसलेली असायची, पलंगावरची चादर धुतलेली. मोरीशी एक काळं पडलेलं फडकं वाळत असायचं; स्टोव्हची काजळी पुसत असेल, असं मला वाटायचं. 'स्वच्छता उत्तम,' असा शेरा मी त्या घराला दिला होता. अजून आहे तो.

खोकला मात्र वाढत गेला. दवाखान्यातून औषध आलं, ते संपलं, दुसरं आलं. मी विचारायची, "औषध वेळेवर देता ना? पाणी उकळता ना?" आणि ती प्रत्येकाला हो म्हणायची, कारण ती खरंच सगळं करत होती. आमच्या महिन्याच्या बैठकीत मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या पर्यवेक्षिकेनं, माझ्या गल्ल्यांचा आकडा वाचून दाखवला. खिडक्यांच्या रकान्यात शंभर टक्के. "टाळ्या वाजवा हिच्यासाठी." सगळ्यांनी वाजवल्या. मला एवढा आनंद झाला की येताना मी बाळासाठी खुळखुळा घेतला.

*

चार महिने झाले असतील. एका मंगळवारी दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, भिंगरीला मोठ्या दवाखान्यात नेलंय, श्वास लागला म्हणून. शनिवारी ती गेली. दवाखान्याच्या कागदावर 'न्यूमोनिया' लिहिलं होतं.

मी बुधवारी अर्धी रजा टाकली आणि दुपारी बाळाला पाजून निघाले. तो मला सोडेना, म्हणून कडेवर घेतला. पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. भिंगरीचे बाबा कामावर गेले होते. तीन दिवस रजा मिळाली होती, ती संपली. तिची आई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. पलंगावर घडी केलेली छोटी चादर. खिडकी सताड उघडी.

"बसा," ती म्हणाली.

मी बसले. काय बोलायचं हे प्रशिक्षणात नव्हतं. बाळानं फळीवरचं झाकण बघितलं आणि दोन्ही हात पुढं केले. मी त्याला आवरायला गेले, तर तीच उठली, झाकण काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते तोंडाशी नेलं, चाटलं, आणि त्याच्या श्वासाचा गोल ढग झाकणावर उमटला. मोठा, दाट. ती बघत राहिली. मला ते झाकण काढून घ्यावंसं वाटलं, पण हात उचलला नाही.

"ताई, एक सांगायचंय. रागवणार नाही ना?"

"मी कशाला रागवू?"

"मी एक दिवस बंद केली होती." तिनं मान खिडकीकडे वळवली. "दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी. फार खोकत होती हो. मला बघवेना. कागद लावला, टॉवेल लावला. एकच दुपार, ताई. पुन्हा संध्याकाळी उघडली. पण तेवढ्यातच वाढले असणार ना जंतू? तुम्ही इतकं बजावून सांगितलं होतं. चार महिने नेमानं केलं आणि नेमकं त्याच दिवशी..." तिनं दाराकडे बघितलं. "ह्यांना सांगितलं नाही मी. तुम्हाला सांगितलं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात दोन वाजले.

मला ते आधी पायांना कळलं. फरशी थरथरायला लागली. मग खालून घरघर आली, एक, मग दुसरी, मग चारपाच मिळून. सकाळी जोडलेली भांडी दुपारी फिरत्या चाकांवर धरून घासतात. त्यानंच त्यांना चकाकी येते. खिडकीच्या खालीच कारखान्याचा पंखा होता, आतली हवा बाहेर फेकणारा. तो सुरू झाला आणि जळक्या मेणाचा, तापलेल्या लोखंडाचा वास वर आला. मागोमाग धूळ. दिसायला धूळही नाही, एक करडी सावली. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा बघता बघता मळला. बाळ शिंकलं. पुन्हा शिंकलं. त्याच्या हातातल्या झाकणाची चमक गेली.

"बंद करा ना ती!" मी ओरडले.

"नको," ती शांतपणे म्हणाली. "आता नेम मोडायचा नाही. तुम्ही सांगितलंत ना."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर होते. पण मी बाळाला छातीशी धरलं, 'ह्याची झोपेची वेळ झाली' असं काहीतरी पुटपुटले आणि चोरासारखी जिना उतरले. खाली कारखान्याच्या दारातून तिचा नवरा दिसला, चाकापाशी वाकलेला. नाकातोंडावर रुमाल, आणि रुमालावर नाकाच्या जागी दोन काळी वर्तुळं. त्यानं मला हात केला.

संध्याकाळी सासूबाईंनी बाळाला आंघोळ घातली. नाक पुसलं तर फडक्यावर काळं आलं. "कुठं कोळशाच्या वखारीत नेलं होतंस याला?" मी सांगितलं. मला वाटलं, आता टोमणा येणार. पण त्यांनी फडकं उलटंपालटं करून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "पाचदहा मिनिटांत एवढं?"

*

मोठ्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. वाईट बाई नव्हती ती. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कागदावर न्यूमोनिया आहे. तुझं नाव आहे का कुठं?"

"नाही."

"तिनं विचारलंय का तुला काही?"

"नाही. उलट ती स्वतःलाच—"

"मग झाली की झाकली मूठ. अगं, खिडकी उघडा हे चुकीचं नाही. एकशे एकोणचाळीस घरांत बरोबरच आहे ते."

"आणि कारखान्याचा पंखा?"

"तो आपल्या खात्यात येत नाही."

"निदान एक पाचवा रकाना तरी करू या बाई. खिडकीबाहेर काय आहे, म्हणून."

"आणि त्यात हो-नाही काय लिहिशील?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यांनाही उत्तर हवं असल्यासारखं. मग आवाज खाली आणला. "सांगून तिची पोर परत येणारेय का? आत्ता ती तुझ्यावर विश्वास ठेवतेय. उद्या आख्खी गल्ली तुझ्या तोंडावर दार लावेल. मग लसी कोण देणार तिथल्या मुलांना? विचार कर. तूही लेकुरवाळी आहेस."

मी विचार केला. बाळाला पाजताना केला, लंगोट पिळताना केला. मोठ्या बाई म्हणाल्या ते सगळं खरं होतं. पण डोळे मिटले की भिंगरीची आई भिंतीला टेकलेली दिसायची. एका दुपारचं पाप मोजत बसलेली. ते पाप नव्हतं. मुलीला वाचवायला तिनं केलेली ती एकच गोष्ट होती, आणि तीच तिला खात होती. ते ओझं माझ्या हातानं तिच्या डोक्यावर गेलं होतं. उतरवायला दुसरं कोण जाणार होतं?

पुढच्या मंगळवारी मी सकाळची घरं संपवली आणि एक वाजता घरी न जाता तिच्या जिन्यानं वर गेले. निघताना सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, आज उशीर होईल, वरचं दूध द्या. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. छोटे कपडेही त्यात होते. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलत राहिले असते.

"त्या दिवशी तुम्ही खिडकी बंद केलीत, त्यानं काही झालं नाही," मी म्हणाले. "बंद केलीत तेच बरोबर होतं. उघडी ठेवली ते चुकलं. आणि ते मी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी तुम्ही सांगत होता मला, दुपारी खालून काय येतं ते. दोनदा सांगितलंत. मी दोन्ही वेळा मध्येच तोडलं."

तिच्या हातात छोट्या बाह्यांचा एक फ्रॉक होता. तिनं त्याची घडी पुरी केली. मग मोडली. मग पुन्हा घातली.

"म्हणजे जंतू..."

"एका दुपारीत नाही वाढत. ती धूळ होती. रोजची."

तिनं तो फ्रॉक मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "त्या दुपारी ती झोपली होती."

मला कळलं नाही. "कधी?"

"बंद केली होती ना, त्या दुपारी. दोन तास झोपली. खोकली नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मला वाटलं, अंगात त्राणच राहिलं नाही म्हणून गप पडलीये. घाबरून मी संध्याकाळी पुन्हा उघडली."

माफी मागायचं ठरवून गेले होते. तो शब्द त्या खोलीत काढवला नाही.

"मला कळत होतं," ती म्हणाली. "आधीपासून कळत होतं. तुम्ही शिकलेल्या. तुमच्या हातात तक्ता. मला वाटलं, माझंच अडाण्याचं डोकं." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग होता असंही नाही, पण आजवर त्यात माझ्यासाठी जे असायचं ते नव्हतं. "ताई, तुम्ही जा आता."

मी जिना उतरले. खाली माणसं जेवून परत येत होती, तोंडाला रुमाल बांधत होती. तिचा नवरा त्यांत होता. त्याला अजून माहीत नव्हतं. त्यानं नेहमीसारखा हात केला, आणि मला तो हात झेलता आला नाही. तो आत गेला. गल्लीत, त्या पंख्यासमोर मी उभी राहिले. छातीत दूध दाटून आलं होतं, कपडे भिजले होते. रोज ही वेळ यायच्या आधीच मी इथून धावत सुटत होते.

दोन वाजले. चाकं सुरू झाली. पंखा फिरला आणि करडी सावली भिंतीवरून वर चढायला लागली. मी मान वर करून बघत राहिले.

वरून तिचा हात बाहेर आला. तिनं खिडकीचं एक दार ओढून घेतलं, मग दुसरं. काचेमागं कागद लागला. आतून तो तळव्यानं दाबून बसवताना त्याच्यावर हाताची सावली फिरत होती, वरपासून खालपर्यंत, एकेक कोपरा. शेवटी खालच्या फटीत टॉवेलची गुंडाळी सरकली.

आत कुणी झोपलेलं नव्हतं. तरी तिनं ती गुंडाळी दोनदा दाबून बघितली, फट राहिली नाही ना म्हणून.